सहा पुश काढले, तरी वेळ का वाचला नाही?

या वेळच्या पत्रांमधली चार पत्रं एकाच ठिकाणी येऊन थांबली : प्रोग्राम स्वतःचं काम थांबवून कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, शिरतो ती जागा, म्हणजे सिस्टीम कॉल. म्हणून वायफाय, प्रिंटर आणि गरम होणारे लॅपटॉप पुढच्या अंकात. पहिलं उत्तर लांबलं आहे आणि त्यात असेंब्ली आहे. ज्यांना तिचं वावडं असेल त्यांनी सरळ तिसऱ्या प्रश्नावर जावं, मी रागावणार नाही.

प्रश्न : आम्ही चौघी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रकल्प आहे लिनक्सच्या ६४-बिट सिस्टीम कॉल एंट्री कोडचा वेग वाढवण्याचा. कर्नलमध्ये शिरताना सगळी रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरमधले कप्पे, स्टॅकवर पुश होतात, म्हणजे मेमरीतल्या चळतीवर ठेवली जातात. त्यातली सहा, म्हणजे आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५, सी कंपायलर तशीही सांभाळतोच. म्हणून आम्ही त्यांचे पुश आणि परतताना होणारे पॉप काढून टाकले, स्टॅकवर जागा तेवढी ठेवली. संगणकाची नक्कल करणाऱ्या क्यूईमूमध्ये आमचाच छोटा प्रोग्राम इनिट (बूटनंतरचा पहिला प्रोग्राम) म्हणून लावला तर गेटपिडचं, म्हणजे स्वतःच्या प्रोसेसचा क्रमांक विचारणाऱ्या कॉलचं, लूप चालतं, पण वेळेतला फरक दर वेळी निराळा येतो, कधी कधी उलटाच. खरा इनिट लावला की पहिल्या फोर्कनंतर, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत काढल्यावर, ती चाइल्ड प्रोसेस सेगमेंटेशन फॉल्ट देऊन मरते. गाइड सर म्हणतात, निदान वीस टक्के सुधारणा दाखवा. आम्ही काय करावं?
— चौघी मैत्रिणी, गंगापूर रोड

उत्तर : मुलींनो, आधी फोर्कचा निकाल लावू. कंपायलर ती सहा रजिस्टरं सांभाळतो हे खरं, पण तेवढं पुरतं फक्त त्याच प्रोसेसला, ती आली त्याच वाटेने परत जात असेल तेव्हा. फोर्कमध्ये आईच्या स्टॅकवरची पीटी-रेग्ज ही रजिस्टरं साठवायची रचना चाइल्डच्या स्टॅकवर जशीच्या तशी उतरते. चाइल्ड पहिल्यांदा कर्नलबाहेर पडते ती वेगळ्या वाटेने, आणि तिथे सगळी १५ रजिस्टरं त्या रचनेतून भरली जातात. तुमचे सहा कप्पे रिकामे, म्हणजे त्यांत स्टॅकवरचा जुना कचरा. तो चाइल्डच्या आरबीएक्समध्ये गेला, प्रोग्रामने त्याला पॉइंटर समजून हात घातला, आणि मेला. फोर्क सावरलंत तरी पुढे सिग्नल आणि डीबगर वापरतो तो पीट्रेस उभे आहेतच. त्यांनाही प्रोग्रामची पूर्ण स्थिती याच रचनेत हवी असते. तुमच्या कर्नलवर डीबगर लावलात तर तोही खोटंच सांगेल.

तुमची कल्पना वाईट नाही, फक्त नवी नाही. लिनक्समध्ये कित्येक वर्षं नेमकं हेच होतं. नेहमीच्या कॉलसाठी एक फास्ट पाथ होता आणि तो ही सहा रजिस्टरं साठवत नसे. फोर्क, क्लोन, एक्झेक अशा कॉलांपुढे असेंब्लीचे छोटे तुकडे जोडलेले होते, ते आधी उरलेली सहा साठवून मगच पुढे जात. २०१५च्या सुरुवातीला डेनिस व्लासेन्को यांनी स्टॅकवर दर वेळी पूर्ण रचनेची जागा धरायची पद्धत आणली, त्यामुळे पूर्वीची बरीच डोकेदुखी गेली. २०१६मध्ये अँडी लुटोमिर्स्की यांनी स्लो पाथ असेंब्लीतून उचलून सीमध्ये नेला, आणि जानेवारी २०१८मध्ये फास्ट पाथच काढून टाकला. ४.१६ पासून एकच वाट आहे. मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या दोषावरचा उपाय, म्हणजे पीटीआय, आल्यावर सिस्टीम कॉल इतका महाग झाला की सहा पुश वाचवायला दोन वाटा सांभाळणं परवडेना.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. त्या पुशच्या लगेच नंतर ती रजिस्टरं शून्य केली जातात. ही पद्धतही २०१८चीच. वापरकर्त्याने ठेवलेली किंमत रजिस्टरमध्ये तशीच राहिली तर प्रोसेसर अंदाजाने पुढची इन्स्ट्रक्शनं चालवताना ती वापरू शकतो, आणि स्पेक्टरसारखे हल्ले त्यावरच जगतात. जे साठवलं नाही ते शून्यही करता येत नाही. तुम्ही पुश काढलेत तेव्हा नकळत हे कुंपणही काढलंत.

आता वेळेचा हिशोब. आजचा प्रोसेसर एका सायकलमध्ये निदान एक स्टोअर करतो. सहा पुश आणि सहा पॉप मिळून धरा दहा-बारा सायकल, म्हणजे ३ गिगाहर्ट्‌झला सुमारे ४ नॅनोसेकंद. काहीच न करणाऱ्या कॉलची पूर्ण फेरी, कसलाही बंदोबस्त नसेल तर, साधारण शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास असते. मेल्टडाउनचा बंदोबस्त चालू असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. तुमच्या हाती चार लागले तरी खूप. वीस टक्के या सहा पुशमध्ये नाहीतच, सरांना हे आकडे दाखवा.

मग वेळ जातो कुठे? वाटेने चालत जाऊ. सिसकॉल ही इन्स्ट्रक्शन परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये ठेवते, फ्लॅग आर११मध्ये ठेवते, आणि एलएसटीएआर या एमएसआरमध्ये (प्रोसेसरच्या खास रजिस्टरात) लिहिलेल्या पत्त्यावर उडी मारते. स्टॅक बदलत नाही. म्हणजे पहिल्या काही इन्स्ट्रक्शनांत कर्नल पूर्ण अधिकारानिशी चालू आहे, पण स्टॅक पॉइंटर अजून वापरकर्त्याचा आहे. मला अख्ख्या कर्नलमधल्या याच ओळी सर्वांत जास्त धास्तीच्या वाटतात. एनएमआय, म्हणजे रोखता न येणारा इंटरप्ट, नेमका तिथेच येऊ शकतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळा स्टॅक राखलेला असतो. पुढे स्वॅपजीएस (जीएसचा पत्ता कर्नलचा करणारी इन्स्ट्रक्शन), वापरकर्त्याचा स्टॅक पॉइंटर त्या सीपीयूच्या खाजगी जागेत, पीटीआय चालू असेल तर सीआर३ (मेमरीच्या पानांचा तक्ता कुठे आहे ते सांगणारं रजिस्टर) बदलून कर्नलची पानं, मग कर्नलचा स्टॅक. त्यानंतर कुठे तुमच्या पुशची पाळी येते : १६८ बाइटांची ती रचना. सीआर३मध्ये लिहिणं जाताना एकदा, येताना एकदा, आणि प्रत्येक वेळ तुमच्या सहाही पुशपेक्षा कितीतरी महाग. त्यातही पीसीआयडी ही सोय नसलेल्या जुन्या प्रोसेसरवर टीएलबी (पत्त्यांची भाषांतरं लक्षात ठेवणारा साठा) रिकामा होतो, त्याचा भुर्दंड पुढे प्रोग्रामच भरत बसतो.

परतताना सिसरेट ही इन्स्ट्रक्शन वापरली तर लवकर सुटका होते, आयरेटला बराच जास्त वेळ लागतो. मग नेहमीच सिसरेट का नाही? आरसीएक्समध्ये नियमाबाहेरचा, नॉन-कॅनॉनिकल पत्ता असेल तर इंटेलचा प्रोसेसर सिसरेटवर तक्रार करतो ती अजून कर्नलच्या अधिकारात असताना, आणि तोवर स्टॅक पॉइंटर वापरकर्त्याचा झालेला असतो. २०१२मध्ये याच फटीतून फ्रीबीएसडी, झेन आणि ६४-बिट विंडोजमध्ये अधिकार वाढवून घेता येतात हे उघड झालं. म्हणून लिनक्स आधी तपासतो : आरसीएक्स आणि परतीचा पत्ता एकच आहे ना, आर११ आणि फ्लॅग जुळतात ना, पत्ता नियमात आहे ना. शंका आली की आयरेट. या तपासण्या काढल्यात तर काही नॅनोसेकंद वाचतील हे मी नाकारत नाही. तो मोह मात्र आवरा.

तुमच्या मोजणीबद्दल थोडं कडक बोलते. क्यूईमू केव्हीएमशिवाय, म्हणजे खऱ्या प्रोसेसरचा आधार न घेता, चालवलंत तर तो प्रत्येक इन्स्ट्रक्शनचं भाषांतर करून चालवतो. तिथला वेळ हा क्यूईमूचा वेळ, प्रोसेसरचा नव्हे. त्यावरून वीस टक्के तर सोडाच, दोनशे टक्केही दाखवता येतील आणि ते खोटे असतील. खऱ्या यंत्रावर मोजा, एम. जी. रोडवरून आणलेला जुना लॅपटॉपही चालेल. चार्जर लावलेला असू द्या, सीपीयूचा वेग ठरवणारा गव्हर्नर परफॉर्मन्सवर, टास्कसेटने प्रोग्राम एका कोअरला बांधा, आणि सरासरीऐवजी मध्यक आणि किमान दोन्ही लिहा. सरासरीत मध्येच आलेला एखादा टायमर इंटरप्ट सगळं बिघडवतो. गेटपिड थेट सिसकॉल फंक्शनमधून बोलवा. ग्लिबसी या सी लायब्ररीच्या २.२५ आवृत्तीच्या आधी, म्हणजे २०१७पर्यंत, लायब्ररी पिड लक्षात ठेवून परत तोच हाती द्यायची. जुन्या वितरणावर दहा लाख वेळा बोलावूनही कर्नलमध्ये एकदाच पाय पडलेला असायचा, आणि त्याला सिस्टीम कॉलचा वेग म्हणून मिरवणारे अहवाल मी तपासले आहेत.

प्रकल्प वाचवायचा असेल तर शीर्षक ठेवा, रोख बदला. एलएससीपीयू ही कमांड चालवलीत की शेवटी प्रोसेसरच्या कमजोऱ्यांची यादी येते, त्यात मेल्टडाउनपुढे काय लिहिलंय ते बघा. पीटीआय लिहिलं असेल तर तेच यंत्र एकदा नेहमीसारखं आणि एकदा नोपीटीआय (पीटीआय बंद) देऊन बूट करा, आणि दोन्हीकडे मोजा. कॉलेज रोडला माझ्या घरी हॅस्वेल पिढीचा डेस्कटॉप आहे, त्यावर रिकाम्या कॉलचा वेळ निम्म्याहून खाली येतो. मग पर्फ या मोजणीच्या साधनाने एंट्री कोडच्या कुठल्या ओळीवर सायकली साचतात ते दाखवा. आणि हात घालून काही बांधायचंच असेल तर एक्सव्ही६ घ्या, एमआयटीची शिकवण्याची ऑपरेटिंग सिस्टीम. तिची आरआयएससी-व्ही आवृत्ती एका दमात वाचून होते. त्यात प्रत्येक प्रोसेसला वाचण्यापुरतं एक पान द्या, कर्नलने त्यात पिड लिहून ठेवायचा, आणि गेटपिड कर्नलमध्ये न शिरताच उत्तर देईल. एमआयटीच्या प्रयोगपत्रिकेत हा सराव आहेच, त्यामुळे तसं अहवालात लिहा आणि त्यापुढे स्वतःचं काहीतरी जोडा. तिथे सुधारणा वीस टक्क्यांवर थांबणार नाही. सरांना आवडेल.

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक आहे, नातवामुळे हे सदर वाचतो. प्रोग्रामला कर्नलची गरज क्षणोक्षणी लागते असं आपण लिहिता. मग प्रोसेसर बनवणाऱ्यांनीच ही ये-जा सोपी का करून दिली नाही?
— पंचवटी

उत्तर : सर, करून दिली, पण दर वेळी काहीतरी काढून घेऊन. ३२-बिट लिनक्समध्ये सुरुवातीला हेक्साडेसिमल ८० क्रमांकाचा इंटरप्ट वापरत. त्यात प्रोसेसर सगळं सोपस्कारासह करायचा : तक्ता बघायचा, अधिकार तपासायचा, नवा स्टॅक घ्यायचा, जुन्याचा पत्ता त्यावर ठेवायचा. चोख, पण मंद. पेंटियम ४ वर तर ते इतकं मंद निघालं की २००२च्या अखेरीस लिनस टोरवाल्ड्‌स यांनी इंटेलच्या सिसएंटरचा आधार घेतला. सिसएंटर इन्स्ट्रक्शन पेंटियम २च्या काळापासून होती आणि तिने वेग मिळवला तो काम टाळून. परतीचा पत्तासुद्धा ती साठवत नाही. म्हणून कर्नलने प्रत्येक प्रोसेसमध्ये स्वतःचं एक पान लावलं, परत यायचं ते त्या पानावरच्या ठरलेल्या जागी. एएमडीची सिसकॉल परतीचा पत्ता ठेवते, पण स्टॅक बदलत नाही, हे वर आलंच. ६४-बिटच्या जगात तीच रूढ झाली.

हार्डवेअरने सोडलेलं काम संपत नाही, ते असेंब्लीत येतं आणि तिथे माणसं चुकतात. एआरएमने यात शहाणपणा केला. त्यांच्या ६४-बिट प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या प्रत्येक पातळीला स्वतंत्र स्टॅक पॉइंटर आहे, त्यामुळे एसव्हीसी इन्स्ट्रक्शनने आत येताच कर्नल आपल्याच स्टॅकवर उभा असतो. इंटेललाही हे पटलेलं दिसतं. फ्रेड नावाच्या त्यांच्या नव्या रचनेत स्टॅक, जीएस आणि परतीची माहिती पुन्हा हार्डवेअर सांभाळतं, परतायला वापरकर्त्याकडे एक आणि कर्नलकडेच एक अशा दोन वेगळ्या इन्स्ट्रक्शन आहेत. लिनक्समध्ये ती सोय ६.९ आवृत्तीत, २०२४मध्ये आली. नातवाला म्हणावं, जुन्या वाटेच्या आणि फ्रेडच्या एंट्री कोडच्या फाइली शेजारी ठेवून वाच. फ्रेडची छोटी आहे, आणि सीमध्ये बरंच काही.

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. मशीनवरच्या सेन्सरची नोंद घेणारा सी प्रोग्राम आम्ही औद्योगिक पीसीवर चालवतो : दर सॅम्पलला वेळ घ्यायची, ओळ फाइलमध्ये लिहायची, लगेच एफफ्लश. जुन्या पीसीवर सीपीयू निवांत असायचा. नव्यावर, तोच प्रोग्राम, तोच लिनक्स, काही तास झाले की सीपीयूचा वापर एकदम चढतो आणि सॅम्पल गळतात. रीबूट केलं की पुन्हा काही तास ठीक. विक्रेता म्हणतो प्रोग्राम खराब आहे.
— एक उद्योजक, अंबड

उत्तर : “काही तास ठीक, मग एकदम” हे वाचूनच मला घड्याळाचा संशय आला. मीही अंबडमध्येच कंट्रोलरवर बरीच वर्षं काढली आहेत. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, टीएससी अनस्टेबल अशी ओळ आहे का बघा. टीएससी म्हणजे प्रोसेसरमधला वेळ मोजणारा काउंटर. मग सिस फाइलसिस्टीममध्ये क्लॉकसोर्स शून्यच्या डिरेक्टरीत करंट क्लॉकसोर्स काय आहे ते वाचा. तिथे एचपीईटी किंवा एसीपीआय-पीएम (चिपसेटवरची घड्याळं) दिसलं तर दुखणं सापडलं.

झालं असं असणार. वेळ विचारणारा क्लॉक-गेटटाइम हा नावाला सिस्टीम कॉल असला तरी एरवी कर्नलमध्ये जातच नाही. कर्नलने प्रत्येक प्रोसेसला जोडलेल्या व्हीडीएसओमधला कोड प्रोसेसरचा टीएससी वाचतो आणि गणित करून वेळ देतो, काही दहा नॅनोसेकंदांत. मात्र कर्नलची एक पहारेदार यंत्रणा टीएससीची दुसऱ्या घड्याळाशी अधूनमधून तुलना करते. दोघांत फरक पडला की ती टीएससीवरचा विश्वास काढून घेते, तो रीबूटपर्यंत. त्यानंतर प्रत्येक वेळ-विचारणेला खराखुरा सिस्टीम कॉल, आणि आत गेल्यावर चिपसेटवरच्या घड्याळाचं रजिस्टर वाचणं, त्याला एकट्याला मायक्रोसेकंदाच्या घरात वेळ. सॅम्पलचा दर जास्त असेल तर सीपीयू यातच बुडतो. प्रोग्राम तोच, म्हणून विक्रेत्याचं बोलणं मी मनावर घेणार नाही. बायॉसची नवी आवृत्ती आहे का ते त्यालाच विचारा, टीएससीचे घोळ बऱ्याचदा तिथेच असतात. टीएससी विश्वासू समज असं कर्नलला बूटच्या वेळी सांगता येतं, पण घड्याळ खरोखर सरकत असेल तर तुमच्या नोंदींच्या वेळाच खोट्या होतील. आधी कारण शोधा. दोन-चार मिलिसेकंदांची अचूकता पुरत असेल तर मोनोटॉनिक-कोर्स हे घड्याळ वापरा. ते कुठलंही हार्डवेअर वाचत नाही, शेवटच्या टिकला कर्नलने नोंदवलेली वेळ देतं.

आणि तो एफफ्लश, म्हणजे दर ओळीला एक राइट सिस्टीम कॉल. लासलगावला भरलेला ट्रॅक्टर भुईकाट्यावर चढतो, व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामा होतो आणि पुन्हा काट्यावर येतो. आत कांदा चाळीस क्विंटल असो की एक गोणी, वजनं दोनच. तुम्ही ओळीगणिक ट्रॅक्टर पाठवताय. दर ओळीचा एफफ्लश काढून सेटव्हीबफने ६४ किलोबाइटांचा बफर द्या, शेकडो ओळी एका राइटमध्ये जातील. सिस्टीम कॉल मोजणाऱ्या एस-ट्रेसला सी हा पर्याय देऊन आधीची आणि नंतरची संख्या बघा. फक्त त्यातल्या वेळेच्या रकान्यावर फार विसंबू नका, एस-ट्रेस स्वतःच प्रोग्रामला प्रत्येक कॉलवर थांबवतो.

तुम्ही म्हणाल, लाइट गेली तर ओळी जातील. एफफ्लशनेही त्या वाचत नव्हत्या. तो डेटा फक्त कर्नलपर्यंत पोहोचवतो. प्रोग्राम कोसळला तर नोंद टिकते, वीज गेली तर कर्नलच्या मेमरीबरोबर जाते. डिस्कवर पोहोचल्याची खात्री एफसिंकने होते, ते दर ओळीला नको, दोन-तीन सेकंदांनी एकदा आधी एफफ्लश आणि मग एफसिंक करा, नाहीतर बफरमधल्या ओळी मागेच राहतील. तेवढ्या सेकंदांची नोंद गेली तर चालेल का, हे प्रॉडक्शनवाल्यांना विचारून ठरवा. आणि पीसीला छोटा यूपीएस लावा, अंबडमध्ये तो तसाही हवाच.

प्रश्न : मिटिगेशन्स ऑफ असं कर्नलला दिलं की संगणक जलद होतो असं ऐकलं. ऑफिसच्या सगळ्या मशीनवर करू का?
— नाशिक रोड

उत्तर : नका करू. ज्या मशीनवर ब्राउझर उघडतो त्यावर अनोळखी माणसाचं जावास्क्रिप्ट रोज चालतं, आणि मिटिगेशन्स, म्हणजे मेल्टडाउन-स्पेक्टरसारख्या प्रोसेसरच्या दोषांवरचे बंदोबस्त, तसल्याच कोडला कर्नलची मेमरी चोरून वाचता येऊ नये म्हणून आहेत. भाड्याच्या सर्व्हरवरही नको. शिवाय ऑफिसच्या कामात, हिशोब-तक्ते-मेलमध्ये, सिस्टीम कॉलचा वाटा इतका थोडा की फरक तुम्हाला जाणवायचा नाही. मशीन नवं असेल तर मेल्टडाउनचा बंदोबस्त त्यावर मुळात लागूच नसेल, त्या दोषाचं निवारण प्रोसेसरमध्येच झालेलं असतं. नेटवर्कला न जोडलेलं, फक्त मोजमापासाठी ठेवलेलं एखादं यंत्र असेल तर त्यावर खुशाल करा. वरच्या चौघींना मी तेवढ्यासाठीच नोपीटीआय सांगितलंय, आणि मोजून झाल्यावर त्यांनीही ते काढायचं आहे.